कॉम्प्युटरमधल्या वन्सं

फोन वाजला तेव्हा मी कॉम्प्युटरवरचं कव्हर काढत होते. सकाळचा चहा झाला की कव्हर काढायचं, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवायचं आणि कोरड्या फडक्यानं पडदा पुसायचा, हा माझा क्रम. फोनवर रेखा होती, वन्संची सून; सासूला ती आत्याबाई म्हणते. "मामी, आत्याबाई गेल्या," एवढंच ती म्हणाली. मागे गोडादऱ्याचे, त्यांच्या शेजारचे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू होते. ते बंद करायला अजून कोणी गेलं नव्हतं... मी घडी घातलेलं कव्हर पुन्हा पसरलं, कॉम्प्युटर झाकला आणि तुमच्या आजोबांना उठवायला गेले.

ऋचा आणि निखिल, याला आता काही आठवडे झाले. तुम्ही कॅनडात, आम्ही सुरतेत, आणि तुमची आत्याआजी कुठेच नाही. तुम्हाला ती आठवते ती उन्हाळ्याच्या सुट्टीतली, पदरात खारे शेंगदाणे बांधून आणणारी. पण तुम्ही मोठे झाल्यावर ती खरी कशी होती हे सांगायला मी असेनच असं नाही. म्हणून हे आताच लिहून ठेवते.

त्या आजोबांच्या थोरल्या बहीण. लग्न झाल्या झाल्या नवऱ्याबरोबर अमळनेरकडून सुरतेला आल्या. नवरा लूमवर, त्या घरात बसून साड्यांचे धागे कापत. त्यांच्या मागोमाग आजोबा उधन्याच्या मिलमध्ये लागले, आणि मी नाशिकहून बी.ए. होऊन, इंग्रजी शिकवायची नोकरी मनाशी धरून या घरात आले. वन्संनी मला पहिल्याच आठवड्यात 'मास्तरीण' नाव ठेवलं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही. मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावते, तुम्ही पाहिल्या आहेत. साखर, रवा, तूरडाळ. वन्सं आल्या की त्या चिठ्ठ्यांवरून बोट फिरवत आणि आजोबांना म्हणत, "तुनी बायकोले डबा उघाडाना कंटाळा येस का रे?" मी म्हणे, चिठ्ठी असली की डबा उघडावा लागत नाही, वेळ वाचतो. त्या म्हणत, वाचलेल्या वेळात तू नव्या चिठ्ठ्याच लिहिशील. आमचं भांडण म्हणायचं तर हे एवढंच, आणि ते तीस वर्षं पुरलं.

वन्संचा आवाज फार मोठा होता. श्रावणात खानदेशी घरांतून रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी सकाळी तिची बोळवण होते. सुरतेत आल्यावरही आमच्या लोकांनी हे सोडलं नाही. वन्संच्या घरी एक रीत होती. बोळवणीचं एक गाणं त्यांच्या आईकडून आलेलं होतं, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय कानबाई चौरंगावरून उचलायची नाही. गाणं लांबलचक, मध्येच वळणं घेणारं. गल्लीतल्या बायका त्याचा शेवटचा शब्द तेवढा धरत, बाकी सगळं वन्संचं. नव्या सुनांना सिनेमाच्या चालीवरची गाणी सोपी वाटत.

तुमचे पप्पा, म्हणजे आमचा संजय, परदेशी जाताना हा कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवून गेले. मग एका सुट्टीत आले तेव्हा त्यांनी वन्संच्या गाण्यांच्या जुन्या कॅसेट टेपरेकॉर्डरमधून वायर जोडून कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. काही गाणी नव्यानं, गोडादऱ्याला जाऊन भरून घेतली. त्यांत शेजारच्या लूमची खटखट आली म्हणून संजय वैतागला, आवाज काढून टाकता येईल म्हणाला. वन्सं म्हणाल्या, "राहू दे. तोच मना ताल शे." खटखट राहिली. मग गाणी नीट लावण्याचा एक प्रोग्रॅम त्यानं घातला. त्यात प्रत्येक गाण्याला नाव आणि गायकाचं नाव द्यायचं. तेव्हा घरात सगळेच होते, जो रिकामा असेल तो कीबोर्डवर बसे. मला वाटलं, हे काम चोख झालं. पुढे कळलं की ते चोख होतं, फक्त ज्याच्या त्याच्या परीनं.

गेल्या वर्षी वन्संच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. बोलत, तेही घोगरं, दोन शब्द झाले की थांबून. गाणं संपलंच. श्रावण जवळ आला तशा त्या अस्वस्थ झाल्या. कानबाई बसवायची तर आहे, पण उठवायची कशी? मी म्हटलं, गाणं कॉम्प्युटरमध्ये आहे, कॅसेटवर उतरवून देते, सोमवारी टेप लावा. त्यांना ते पटायला दोन दिवस लागले. मग रेखाला सांगून त्यांनी गल्लीभर निरोप धाडला, की यंदा मास्तरीण गाणं आणणार आहे.

आणि त्याच आठवड्यात, प्रोग्रॅम चालू असताना लाइट गेली. परत आली तेव्हा पडद्यावर सूचना : गाण्यांची यादी खराब झाली आहे. खाली सगळं पांढरं. आजोबा घाबरले. रिंगरोडवर दुकान असलेला त्यांच्या ओळखीचा एक जण आला, पाहिलं, आणि गुजरातीत म्हणाला की सगळं फॉरमॅट करून नवं टाकून देतो, एका तासाचं काम आहे. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. आजोबा म्हणाले, अगं, त्याला त्यातलं कळतं. मी म्हटलं, त्याला कॉम्प्युटर कळतो, आत काय आहे ते मला माहीत आहे.

मी प्रोग्रॅमची मदतीची पानं इंग्रजीत पहिल्यापासून वाचून काढली. अडेल तिथे डिक्शनरी. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. बिघडली होती ती यादी, गाणी नव्हेत. गाणी डिस्कवर जागच्या जागी होती, आणि गायकाचं नाव प्रत्येक गाण्याच्या पोटात वेगळं लिहिलेलं होतं. खराब यादी बाजूला ठेवून प्रोग्रॅमला सगळी गाणी पुन्हा शोधायला लावली की तो नवी यादी बनवणार होता. मी तसं केलं. एकेक नाव खालून वर चढायला लागलं. आजोबांनी खुर्ची ओढली.

यादी आली, पण भलतीच. आमच्याकडे गाणारी बाई एक, आणि यादीत गायक चौघे. आजोबांनी भरलेल्या गाण्यांपुढे 'आक्का'. संजयनं भरलेल्यांपुढे 'आत्या'. मी भरलेल्यांपुढे 'वन्सं', कारण त्यांचं नाव मी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं आणि कीबोर्डवरही बोटांना ते सुचलं नव्हतं. चौथं नाव होतं 'माय'. त्याच्यापुढे एकच गाणं, त्याला शीर्षक नाही, नुसता आकडा. पहिल्या तिघांची सगळी गाणी आम्ही ऐकली. बोळवणीचं त्यांत नव्हतं; 'माय'पुढचं कोरंच असेल म्हणून आम्ही उघडलं नव्हतं.

शनिवारी दुपारी वन्सं स्वतः रिक्षानं आल्या. रेखा बरोबर होती. त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि मी यादी वाचून दाखवली. 'माय'पाशी आजोबा म्हणाले, "ते राहू दे. आमच्या घरात टेपरेकॉर्डर यायच्या आधीच माय गेली. कोणीतरी चुकून दाबलंय. पुसून टाक." मी म्हटलं, रिकामंच असेल तर पुसते. वन्संनी माझ्या मनगटावर हात ठेवला. घसा खाकरून म्हणाल्या, "मास्तरीण, चिठ्ठी काय वाचस? डबा उघाड."

मी उघडला.

आधी लूमची खटखट आली. मग त्यांचा आवाज, पूर्वीचा, सगळं घर भरणारा... आजोबा एकदम उठून गॅलरीत गेले. रेखानं पदर तोंडाला लावला. एकट्या वन्सं सरळ बसून होत्या, दुसऱ्या कोणाचं तरी गाणं तपासावं तशा. संपल्यावर मी विचारलं, हे 'माय' लिहिलं कोणी?

लिहिलं होतं तुमच्या मम्मीनं. हेतल सुरती गुजराती, तेव्हा आमच्या घरात नवीच. गायकाच्या रकान्यात काय लिहू, असं तिनं वन्संना विचारलं. त्या म्हणाल्या, माय. तिला वाटलं, यांना घरात असंच म्हणत असतील. शीर्षक काय ते विचारायला ती संकोचली.

"पण वन्सं, गायलात तर तुम्ही," मी म्हटलं.

"गानं मायनं शे," त्या म्हणाल्या. "मी नुसतं म्हनस."

सोमवारी सकाळी गोडादऱ्याला त्या बारक्या खोलीत चौरंगाशेजारी टेपरेकॉर्डर ठेवला. पहिली ओळ आली तेव्हा एकदोघी हसल्या, मशीनकडून कानबाई उठवायची म्हणून. दुसऱ्या ओळीला कोणी हसलं नाही. वन्सं ताट धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ बरोबर हलत होते. आवाज नव्हता, पण एक शब्द पुढेमागे झाला नाही. गाणं संपलं, त्यांनी मान हलवली, आणि रेखाच्या नवऱ्यानं कानबाई उचलली.

त्या हिवाळ्यात गेल्या, झोपेत, हृदय बंद पडून. परवा संजयचा फोन होता. म्हणाला, आई, सगळी गाणी सीडीवर घालून पाठव, पण आधी गायकाचं नाव सगळीकडे एकच कर, म्हणजे ती एकाखाली एक लागतील. हे काम माझ्या स्वभावाचं आहे, दहा मिनिटांचं. मी यादी उघडली, आणि तशीच ठेवली. मुलांनो, सीडी येईल तेव्हा तुम्हाला त्यात चार बायका दिसतील. त्या चौघी एकच आहेत, हे आता तुम्हाला माहीत आहे. डबे उघडून बघा.

आणि आता यादीत पाचवं नाव आहे. गेल्या रविवारी रेखा आली होती. बोळवणीचं गाणं तिनं कॅसेट पुढेमागे करून पाठ केलं आहे. दोन जागी चुकते, आवाज बारीक आहे, पण शेवटपर्यंत जाते. मी मायक्रोफोन लावला आणि भरून घेतलं. नंतर गायकाच्या रकान्यावर बोट ठेवून तिला विचारलं, इथे काय लिहू?

ती साडीची निरी सारखी करत म्हणाली, "मामी, आत्याबाई लिहा."

मी लिहिलं, मग कॉम्प्युटर बंद केला आणि कव्हर घातलं.