बिनचहाचा प्रचार

दादा पोलीस जमादार म्हणून निवृत्त झाला आणि वर्षभरात सरपंचपदाला उभा राहिला. नोकरीची सगळी वर्षं अमरावतीत, दर्यापुरात, धारणीत गेली. गावात तो फक्त सणाला यायचा. मला फोनवर म्हणाला, "निवडून तं याचंच हाय. पन गावानं मले पोलीसवाला नाई, आपला पोट्टा म्हनाव, हे खरं पायजे. तू ये. तुया वह्या घेऊन ये."

मी अकोल्यात एका शाळेत मुख्य लिपिक आहे. आठ दिवसांची रजा टाकली, दोन वह्या आणि चार पेनं घेऊन माहेरी आले. आमचं गाव अचलपूरच्या रस्त्यावर आहे. पहिल्याच दिवशी मतदार यादीवरून घरं मोजली, गल्ल्या वाटून घेतल्या आणि वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला : चहा कुठेच घ्यायचा नाही. दादाला शुगर आहे. एका चहाला पंधरा मिनिटं जातात. शिवाय एकाकडे घेतला आणि दुसऱ्याकडे नाही, तर रुसवे. सगळ्यांना सारखा नियम. मला तो फार आवडला होता.

चिन्ह मिळालं कपबशी. गावाला त्यातली गंमत माझ्याआधी कळली. पारावरून कोणी तरी ओरडलंच, "कपबशीवाला अन् चहा नाई पेत, बापा!"

माझी मुख्य अडचण मात्र दादाचा हात होता. तो कडी वाजवायचा ती जप्तीला आल्यासारखी. दुसऱ्या गल्लीत एक सूनबाई दार अर्धं उघडून म्हणाली, "ते घरी नाईत. अन् त्याईनं काई केलं बी नाई." मग मी ठरवलं, कडी मी वाजवायची, दादाने मागे उभं राहून हसायचं. हसायचंही त्याला शिकवावं लागलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही रस्त्यापलीकडे, बौद्ध वस्तीत गेलो. पहिलंच घर दादाच्या शाळासोबत्याचं, एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टरचं. तो बाहेर गेला होता. त्याची आई घरात होती, ऐंशीच्या पुढची, ताठ. दादाला पाहून तिने आतून चांगल्या कपांचा ट्रे आणला. चहा तयारच होता, म्हणजे आम्ही येणार हे तिला माहीत होतं.

"नको, आई," दादा माझ्याकडे बघत म्हणाला. "चहा सोडला."

"पानी तरी?"

"पाणी आत्ताच झालं," हे मी म्हणाले. घड्याळात साडेदहा वाजत होते.

"बरं," ती म्हणाली आणि ट्रे आत घेऊन गेली.

पुढच्या घरी चहा आलाच नाही. त्याच्या पुढच्याही घरी नाही. लोक उभ्यानेच बोलले, पत्रक घेतलं, आत गेले. दुपारच्या आत पूर्ण वस्ती झाली. मी वहीत लिहिलं : "नियम कळला. वेळ वाचला." ते वाक्य अजून आहे तिथे. खोडलेलं नाही.

संध्याकाळी कंडक्टरभाऊ घरी आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"काहून रे, जमादार," ते दादाला म्हणाले, "मायनं तुले चहा देल्ला, तू नाई पेला?"

"अरे, शुगर हाय मले. अन् कोनाकडंच नाई घेऊन राहिलो."

"तुया बाप आमच्या घरचं पानी नाई पेला कधी. तू चोरून याचा, माया मायच्या हातचा चहा पेऊन जाचा. ते सकायपासून एकच म्हनून राहिली : पोट्टा बापावर गेला."

मी मध्ये पडले. वही उघडून नियम दाखवला. सगळ्यांना सारखा आहे, बघा.

त्यांनी वाचला. "ताई, नियम तुमी सगळ्याईले सारखा लावला, बरोबर हाय. पन आमाले तो पयलेपासून लागूनच होता."

ते गेल्यावर मला वही मिटता येईना. हे मला सुचायला हवं होतं. मी याच गावात वाढले होते, आणि वस्तीतल्या माणसांसाठी वडील तांब्या वेगळा कसा ठेवायचे, हे मी पाहिलेलं होतं. दादा माझ्यावर चिडला नाही. "नियम तुया, पन नको म्हनलं म्या," एवढंच म्हणाला.

सकाळी आम्ही परत गेलो. यावेळी कडी त्याने वाजवली, हळू.

"दूध नाई आज," म्हातारी दारातूनच म्हणाली.

"काळा चालते."

"साखरबी नाई."

"तेच तं पायजे, आई. शुगर हाय."

तिने दार पूर्ण उघडलं. "पोलिसात जाऊन जीभ तेवढी लंबी झाली तुयी. बस." मग चहा आला, दूध घातलेला. दादाने बशीत ओतून संपवला, लहानपणी प्यायचा तसा आवाज करत. ती म्हणाली, "मत कोनाले द्याचं ते मी पायीन. त्याचं बोलू नोको."

पुढचे दिवस प्रत्येक घरी अर्धी बशी, बिनसाखरेची. आधीच्या दोन दिवसांतली घरंही पुन्हा केली. यादी पुरी झाली नाही. शेवटची गल्ली राहूनच गेली. दादा थोडक्या मतांनी पडला. त्या गल्लीने तारलं असतं का, हा हिशेब मी केला नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला निघाले. बॅग भरली, उरलेली पत्रकं बांधली, दादाचा पत्ता नाही. शेवटी रस्ता ओलांडला. तो म्हातारीच्या अंगणात खाटेवर बसून कागदावर लिहीत होता आणि ती सांगत होती.

"नाली तुंबून राहिली म्हना. दोन डाव सांगतलं म्हना."

"आई, मी पडलो. नव्या सरपंचाले सांग आता."

"पडला तं पडला. अर्ज तं लिवता येते ना, पोट्ट्या?"

दादाने मान खाली घालून लिहिलं. यावेळी त्याला कोणी हसायला सांगितलं नव्हतं, तरी हसत होता.

"बस, बाई," ती मला म्हणाली. "का पानी आत्ताच झालं?"

रस्त्यावर माझी एसटी थांबल्याचा आवाज आला, आणि निघाल्याचाही. मी खाटेच्या कडेला बसले आणि म्हटलं, माझ्या कपात साखर टाका.