टॉवेलाखालचा हात

आमचे आप्पा बैलांचे व्यापारी, आमच्याकडच्या बोलीत हेडी. आटपाडीकडच्या माळावरचा माणूस, शाळा चौथीपर्यंत, पण बसलेला खोंड उठताना नुसता बघितला तरी सांगणार, हा जुवाला चालंल का न्हाई. त्यांचं एक ठरलेलं सांगणं होतं, "मालकाचं बोलणं ऐकू नगं. जनावर चालवून बघ. आन ठेच लागल्यावर कसं सावरतंय, त्ये बघ." लहानपणी मी त्यांचं बोट धरून खरसुंडीच्या बाजारात फिरायचो. भाव ठरवताना दोन व्यापारी हातांवर टॉवेल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून बोलतात. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. त्या टॉवेलाखाली एकदा आपला हात जावा, एवढीच माझी हौस होती. पण अंगानं जरा मोठा झालो आणि आप्पा म्हणाले, "आता बास. पोरीच्या जातीनं बाजारात यायचं न्हाई."

कारण सगळ्यांच्या लेखी मी पोरगी होतो. मला मात्र कळायला लागल्यापासून ठाऊक होतं, मी मुलगा आहे. आमच्या भागात पोरीसुद्धा बिनधास्त "मी गेलतो, मी आलतो" म्हणतात, त्यामुळं माझं बोलणं कुणाला खटकलं नाही आणि इतकी वर्षं बिनबोभाट निभावलं. पुढं विट्यात जनावरांच्या औषधांच्या दुकानात नोकरीला लागलो, आणि घरात स्थळ आलं. तिथं पळवाट संपली. चुलीपुढं बसून दोघांना सांगून टाकलं की मी मुलगी नाही, कधीच नव्हतो, आणि हे लग्न करणार नाही. आई रडली, मग तव्यावरची भाकरी जळायला लागली म्हणून उठली. आप्पांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. मी समोर उभा असलो तरी आईला म्हणायचे, "तिला म्हणावं, गोठ्याचं दार लाव."

स्थळ मोडलं नव्हतं, नुसतं पुढं ढकललं होतं. मला लग्न करायचं नव्हतं आणि घरही सोडायचं नव्हतं. आप्पा सोडून जायची कल्पनाच सोसत नव्हती, मग ते बोलोत न बोलोत. माझं खरं ऐकेल आणि ते आप्पांच्या तोंडावर सांगेल, असं कुणीतरी मला हवं होतं.

पहिला डॉक्टर मला "बरी" करायला म्हणून आप्पांनीच शोधला, सांगलीत. मोठा दवाखाना, बाहेर ही गर्दी. डॉक्टर सगळा वेळ आप्पांशी बोलले, मी खुर्चीत असून नसल्यासारखा. "लग्न झालं की होईल सगळं सुरळीत," म्हणाले आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. आप्पा खूश. मी परत येताना विट्याच्या स्टँडवर गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

मग मोबाईलवर शोधून मीच एक डॉक्टर बाई गाठल्या. आगीतून निघालो ते फुफाट्यात पडलो. ह्या बाई लय गोड. माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवायच्या, पण त्यांचे प्रश्न सगळे माझ्या अंगाबद्दल. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या वेळी माझे विद्यार्थी बसले तर चालेल ना? अशी केस त्यांना बघायला मिळत नाही." माझं डोकंच सरकलं. "दात पण दाखवू का?" असं विचारलं, चप्पल घातली आणि खाली आलो.

एसटीत बसल्यावर राग उतरला आणि हसू यायला लागलं. जनावराचे दात कोण बघतं? घेणारा. मग इथं घेणारा कोण होता? मीच की. हेड्याच्या पोटी जन्मून मी मात्र दोन्ही वेळा दावणीला जाऊन उभा राहिलो होतो. ठरवलं, आता पारख आपण करायची.

माझ्यासारख्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात एकानं साताऱ्यातल्या समुपदेशक बाईंचं नाव सुचवलं. दुधानं तोंड पोळलेलं, त्यामुळं ताकही फुंकूनच प्यायचं होतं. आईच्या वयाच्या बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मी बसायच्या आधीच म्हणालो, "आधी मी विचारणार." त्या म्हणाल्या, "विचारा." माझ्यासारखे किती जण बघितलेत? "फार नाहीत. सुरुवातीला आलेला एक जण माझ्या चुकीमुळं परत आला नाही. त्यानंतर शिकले." माझ्या वडिलांनी हिला बरी करा म्हटलं, तर काय कराल? "तुम्हाला जे सांगते तेच त्यांना सांगेन. तुम्ही नको म्हणाल ते एक अक्षर सांगणार नाही." मग त्यांनी एकच विचारलं, "तुम्हाला काय नावानं हाक मारू?"

मी मनात ठेवलेलं नाव सांगितलं. तोवर ते कुणापुढं मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. माझाच आवाज ऐकून माझे डोळे भरले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि घाई केली नाही.

तरी लगेच विश्वास ठेवला नाही. आप्पांचा नियम होता, चालवून बघ. जात राहिलो. एकदा बोलण्याच्या ओघात बाई मला "ती" म्हणून गेल्या. मी कान टवकारले. त्यांनी लगेच शब्द सुधारला, "चुकले" म्हणाल्या आणि पुढं बोलू लागल्या. ना दहा वेळा माफी, ना सारवासारव. ठेच लागली, सावरल्या, चालत राहिल्या. त्या दिवशी मी मनाशी म्हणालो, हे जनावर आपलं.

आता आप्पांना न्यायचं होतं. विनवण्या करून ते हलले नसते, म्हणून मी खडा टाकला. "आप्पा, बाई खरी हाय का खोटी, मला कळंना. तुमी पारखून द्या." महिनोन्महिने गप्प असलेला माणूस दुसऱ्या दिवशी धोतर बदलून तयार.

साताऱ्यात बाईंच्या समोर बसल्या बसल्या आप्पांनी फर्मान सोडलं, "हिला बरी करा."

"आप्पा, आजार असता तर बरा केला असता," बाई म्हणाल्या. "हा आजार नाही. तुमचं लेकरू असंच आहे."

"मग लगीन?"

"ते मला का विचारता? इथंच बसलेत, त्यांना विचारा."

आप्पा खुर्चीत वळले. स्थळ आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "लगीन करायचं न्हाई?"

"न्हाई आप्पा."

"मग काय करायचं हाय?"

बाईंबरोबर याची किती तयारी केली होती. ऐनवेळी सगळी विसरलो आणि खरं तेच तोंडातून पडलं. "तुमच्यासंगं बाजारात यायचं हाय."

परतताना विट्याच्या स्टँडवर आप्पा चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "बाई खरी हाय. तोंडावर गोड बोलत न्हाई." उरलेला चहा बशीत ओतत, "त्या पाव्हण्यास्नी कळवून टाकतो." मी रडलो, आसवं चहात पडतील इतका रडलो, आणि आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्याकडं फेकला.

पौषात खरसुंडीचा बाजार भरला. पहाटे आप्पांनी हाक मारली. शर्ट घालून मी त्यांच्या मागं निघालो, लहानपणी चालायचो तसा. एक खिलार खोंड त्यांनी मला चालवून बघायला लावला. मी तो उठताना बघितला, खूर बघितले, अंगावरचे भोवरे बघितले, आणि मान हलवली. समोरचा व्यापारी आप्पांच्या ओळखीचा. त्यानं माझ्याकडं बघत विचारलं, "ह्यो कोण?"

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या हातावर टाकला, आणि माझं मनगट धरून माझा हात त्याखाली सरकवला. स्वतः मागं सरले. "ठरवा तुमी तुमचं," म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

पुढच्या वेळी साताऱ्याला गेलो तेव्हा हे सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. खोंड कितीला घेतलात, असं विचारलं. मी म्हणालो, "बाई, तुम्हाला आजवर सगळं सांगितलं. पण टॉवेलाखालचं आम्ही व्यापारी कुणाला सांगत नसतो."