टिबुकलीची अंडी कुणी खाल्ली?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना मला अजूनही चीड येते!

मी वाशिंदच्या कारखान्यात कामाला. गेल्या पावसाळ्यात दर रविवारी वैशाखरे गावाच्या अलीकडच्या एका तळ्यावर जायचो. पाणपक्ष्यांची घरटी मोजायची आणि मासेमारीचा त्यांना काय त्रास होतो ते लिहायचं, असं आमच्या पक्षीमित्रांनी माझ्याकडे दिलेलं काम. त्रास होतोच, हे मी घरूनच ठरवून निघालो होतो! तिथे हिराआत्या नावाची म्हातारी हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकायची. माझं तिच्याशी पहिल्या दिवसापासून वाकडं.

गवतात टिबुकलीचं तरंगतं घरटं होतं. टिबुकली म्हणजे कबुतराहून लहान, सारखं बुड्या मारणारं पाखरू. एका रविवारी दुर्बिणीतून चार अंडी दिसली. पुढच्या रविवारी कमरेएवढ्या पाण्यातून जवळ गेलो, तर अंडी गायब! नुसता कुजक्या शेवाळाचा ढीग. आणि वीस हातांवर हिराआत्या काहीतरी चघळतेय!

माझं डोकंच फिरलं.

"आत्या, अंडी खाल्लीत ना?"

"सुपारी खातंय रे! कसली अंडी?"

खोटं बोलते वर! मी तिचं जाळं ओढून काठावर फेकलं, ते टरकन फाटलं. तसाच ओल्या पँटीने गावात गेलो आणि सरपंचांना भरल्या ताटावरून उठवून आणलं. मागोमाग अर्धं गाव. काठावर उभा राहून मी गरजलो, "या तळ्यावर मासेमारीला बंदी घाला! आजच्या आज!"

हिराआत्या ट्यूब वल्हवत घरट्यापाशी गेली आणि एका बोटाने शेवाळ बाजूला सारलं.

चार अंडी! चिखलाने तपकिरी झालेली, पण शाबूत!

"उठताना झाकून जाते ती!" आत्या कडाडली. "मी बाजूनं गेलू तरी हलत नाय. तू पाण्यात शिरलास का घाबरून पलते. गेल्या साली एक पाखरू जाल्यात गावून मेला, तवापासून गवताकडं मी जालाच टाकत नाय. इचारायला तोंड नव्हता तुला?"

महिनाभर मी तिला लांबून बघत होतो, एकदाही विचारलं नव्हतं. राग इतका आला होता, की काय सांगू! पण काढणार कोणावर?

सरपंच अजून उपाशीच होते. म्हणाले, "सायेब, फाटलेला जाला तुमी सोता शिवून द्यायचा. आनि बंदी पायजे ना? घातली. पिल्लं निघंपर्यंत पाण्यात उतरायचा नाय."

मी म्हटलं, "कोणी?"

सगळं गाव माझ्याकडेच बघत होतं.