दाराजवळचा फोटो

झेंडू आणि उदबत्तीचा वास एकत्र आला की मला परंड्यातलं माझं पहिलं छायाचित्र-प्रदर्शन आठवतं. सभागृहाच्या दाराशीच मी बेंबळीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा मोठा फोटो लावला होता. माझ्या सगळ्या कामात तोच एक खरा जमलेला. तो बघायला म्हातारा बायकोला घेऊन आला होता आणि दोघं पहिल्या रांगेत बसली होती. उद्घाटक दोन तास उशिरा आले. आपल्याकडं कुठलाही कार्यक्रम प्रतिमापूजनानं सुरू होतो, त्यामुळं आत येताच त्यांनी समोर दिसलेल्या फोटोला हार घातला, उदबत्ती लावली, हात जोडले आणि माइकवर म्हणाले, "यांचं अपुरं राहिलेलं कार्य आता आपल्याला पूर्ण करायचंय." म्हाताऱ्याची बायको ताडकन उठली. "हार काढा आदी! माजा मालक हितं जित्ता बसलाय!" "अगं बस की," म्हातारा म्हणाला, "साहेब खरंच बोलतेत. हरभरा काढायचा राहिलाच हाय." ती ऐकेना, थेट फोटो उतरवून घरी न्यायला निघाली. तेवढ्यात उद्घाटकांनी स्वागताला मिळालेला स्वतःच्या गळ्यातला हार काढून म्हाताऱ्याला घातला आणि सराईतपणे जाहीर केलं, "हे आजचे सत्कारमूर्ती!" टाळ्या पडल्या, ती बसली, फोटो भिंतीवर राहिला. तेव्हापासून दाराजवळ मी बैलाचा फोटो लावतो. हार त्यालाही पडतो, पण पोळा म्हणून खपून जातो.