लाल रुमालातला अर्ज

आमच्या घरी इंग्रजी व्याकरणावरचा वाद रोज संध्याकाळी कचेरी सुटल्यावर चाले, आणि त्याचा निकाल मी देत असे. हे काम माझ्याकडे अकराव्या वर्षी आले. वडील, म्हणजे आप्पा, दरबारच्या भाषांतर-कचेरीत होते. मराठी कागद इंग्रजीत उतरवून इंग्रज एजंटसाहेबांकडे धाडण्याजोगे करणे हा त्यांचा पेशा. त्यांच्या शेजारच्या गादीवर मुन्शीचाचा बसत. ते मूळचे फारशी आणि मोडी कागदांचे जाणकार. इंग्रजी त्यांनी प्रौढ वयात, कुणाची शिकवणी न लावता कमावली होती. या शहरात आपल्याएवढे इंग्रजी व्याकरण दुसऱ्या कुणाला येत नाही असे दोघांनाही वाटे, आणि त्या दुसऱ्या कुणात दोघेही एकमेकांना धरत.

कचेरीत एक रिवाज होता. भाषांतरातल्या एखाद्या शब्दावर दोघा भाषांतरकारांचे जमले नाही, तर तो कागद लाल कापडात, म्हणजे रुमालात, बांधून ठेवायचा. तिसऱ्या जाणत्याने निकाल दिल्यावाचून किंवा दोघांपैकी एकाने आपली बाजू सोडल्यावाचून तो बाहेर काढायचा नाही. चुकीचा शब्द साहेबापुढे जाण्यापेक्षा कागद महिनाभर पडून राहिलेला बरा, असा त्यामागचा हिशेब. दोघांनी हा रिवाज गंमत म्हणून घरी आणला. ओसरीवरच्या कोनाड्यात तसाच एक लाल रुमाल आला. वादाचे वाक्य चिठ्ठीवर लिहायचे, खाली दोघांनी आपापले मत सहीनिशी नोंदवायचे आणि चिठ्ठी रुमालात घालायची. तिसरे माणूस कचेरीतले आणले तर हसे होईल, म्हणून मला बसवले. त्या वयात मला इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक नियमांच्या क्रमांकासह पाठ होते.

“पंच आले काय?” चाचा पायरीवरूनच विचारीत. “आज आप्पांस्नी चीत करायचं हाय.”

“मुन्शीजी, आधी पायताण काढा, मग मला चीत करा,” आप्पा म्हणत.

आई चाचांचा काचेचा पेला भरून बाहेर पाठवी. तो पेला आमच्या भांड्यांत मिसळत नसे; त्याला ओसरीवर वेगळी फळी होती. चाचा तो स्वतः विसळून जागेवर पालथा घालीत. या गोष्टीवर मात्र आमच्याकडे कधी चिठ्ठी पडली नाही.

निकाल देताना मला जो आनंद होई त्याचे पृथक्करण मी पुष्कळदा केले आहे. त्यात ज्ञानाचा भाग थोडा होता. दोन मोठी माणसे आपल्या तोंडाकडे बघत थांबली आहेत, हा भाग मोठा होता. पुढे मी कॉलेजात विज्ञानाच्या वर्गात गेले. तिथे एकटीच मुलगी म्हणून माझा बाक भिंतीला लावून वेगळा मांडलेला असे, आणि प्रयोगाच्या वेळी बाकीच्यांचे आटोपल्यावर उपकरण माझ्या हाती येई. घरच्या ओसरीवर मात्र मी रोज सर्वांच्या मधोमध बसत होते. कदाचित म्हणूनच ती ओसरी किती अरुंद आहे हे ध्यानात यायला मला इतकी वर्षे लागली.

इंटरची परीक्षा पास झाल्यावर मी मुंबईच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या वर्गासाठी अर्ज लिहिला. इथे त्यापुढची सोय नव्हती. अर्जाखाली पालकाची सही लागत होती. आप्पांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

“उत्तम आहे. फक्त शेवटी ‘आय शॅल बी ऑब्लाइज्ड’ लिहिले आहेस. तिथे ‘शुड’ हवे. ‘शॅल’मध्ये आर्जव नाही.”

“न्हाय, न्हाय,” चाचा म्हणाले. “‘शॅल’च बरोबर हाय. ‘शुड’ लिवलं तर पोरगी उपकार मानंल का न्हाई, अशी शंका येती साहेबाला.”

“मुन्शीजी, हा अर्ज आहे, हुकूम नव्हे.”

“म्हणूनच म्हणतो की!”

मी निकाल द्यायला तोंड उघडले, तेवढ्यात आप्पांनी हात वर केला. “स्वतःच्या कागदावर पंचाने बसायचे नसते. हा कचेरीचा नियम आहे.” चाचांनी मान डोलावली. चिठ्ठी झाली, सह्या झाल्या आणि अर्ज चिठ्ठीसकट रुमालात गेला. निकाल कोण देणार, असे विचारल्यावर मिशनच्या शाळेतल्या मडमबाईंचे नाव निघाले. त्या उन्हाळ्यासाठी पन्हाळ्यावर गेल्या होत्या. अर्ज मुंबईस पोहोचायला तेव्हा सोळा दिवस उरले होते.

तीन दिवस मी गंमत समजून काढले. चौथ्या दिवशी वादाचे वाक्यच गाळून नवी प्रत केली. आप्पांनी ती तितक्याच काळजीने वाचली आणि परीक्षा पास झाल्याच्या वाक्यात नुसते ‘पास्ड’ चालणार नाही, ‘हॅव पास्ड’ हवे, असा मुद्दा काढला. चाचांनी लगेच उलट बाजू घेतली. दुसरी प्रतही रुमालात गेली. तिसऱ्या प्रतीत ते वाक्य मी असे फिरवले की शंकेला जागा उरू नये. आप्पांनी एका स्वल्पविरामावर बोट ठेवले, चाचांनी तो जागेवरच हवा असे लिहिले, आणि तीही प्रत रुमालात गेली.

रोज दुपारी मी कोनाड्याखालून येत-जात होते. रुमालाची गाठ साधी होती, एका बोटाने सुटावी अशी. पण आत असलेला कागद सहीवाचून रद्दी होता, आणि सही करणारा हात आपण करू म्हणत होता, फक्त भाषा शुद्ध होऊ दे एवढीच त्याची अट होती. ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येते. आप्पा मला ‘नाही’ म्हणत नव्हते. माझ्या समोर बंद दार असते तर मी ते ठोठावले असते. इथे दार उघडे होते आणि उंबरठ्यावर दोन प्रेमळ माणसे बसून उंबऱ्याची मापे घेत होती.

“काय गं, गेला का कागद?” आईने भाकरी थापता थापता विचारले. ती कोडोलीची, तिचे बोलणे चुलीसारखे, थेट लागणारे.

“वाद मिटला नाही अजून.”

“वाद?” तिने परातीवर हात झटकला. “दोघं मिळून तुला घोळात घेत्यात, आनि तू बसलीयास पंच होऊन.”

तिला इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. तरी तिचे अनुमान तपासून पाहण्याजोगे होते. कारणाचा शोध घेताना बाकी सर्व परिस्थिती तीच ठेवावी आणि एकच गोष्ट बदलावी, हे मला शिकवले होते. मी राधानगरीच्या एका काल्पनिक पाटलाच्या नावाने जंगलखात्याला लाकडासाठी अर्ज लिहिला. त्यात माझ्या अर्जातल्या तिन्ही गाठी जशाच्या तशा घातल्या: तोच शेवट, तेच क्रियापद (इथे पावसाळा सरल्याच्या वाक्यात), तोच स्वल्पविराम. बदल एकच, अर्जदार मी नव्हते.

संध्याकाळी तो कागद दोघांपुढे ठेवला. ओळखीच्या मुलीच्या वडिलांना लिहून हवा आहे, असे सांगितले. ते खोटे होते.

“शुड की शॅल?” आप्पा म्हणाले. “काहीही चालेल. पाटलाला लाकडाशी कारण.”

“व्हय की. आनि हितं नुसतं ‘पास्ड’च.”

“अर्थात. स्वल्पविराम राहू द्या.”

चाचांच्या पेल्यातला चहा निम्माही झाला नव्हता. मी कोनाड्यातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि माझ्या तिन्ही प्रती पाटलाच्या अर्जाशेजारी ओळीने मांडल्या. दोघेही मसुदे ताडून बघण्यात मुरलेले होते. त्यांना वेळ लागला नाही.

आप्पांनी चष्मा काढला. चष्म्यावाचून त्यांचा चेहरा मी फारसा पाहिलेला नव्हता.

“तू गेलीस,” ते म्हणाले, “तर आमच्यात तिसरे कोण?”

ते विनोदाने बोलले असते तर मी हसले असते. माझ्याजवळ सिद्ध झालेले अनुमान होते आणि त्याचा मला काडीइतका आनंद होत नव्हता. मुदतीला पाच दिवस उरले होते. टपाल सकाळच्या गाडीने जाई.

“मग सरळ नाही म्हणा, आप्पा.”

“ते मी कधीच म्हणणार नाही.”

“म्हणून तर मी अडकले आहे.”

आत आईची भांडी वाजायची थांबली होती. मग चाचांनी आमची पहिली चिठ्ठी उचलली, दौत जवळ ओढली आणि ‘शॅल’पुढच्या स्वतःच्या सहीवर एक आडवी रेघ मारली. दुसऱ्या चिठ्ठीवर मारली. तिसरीवर मारली.

“मी माझी बाजू सोडली,” ते म्हणाले. “आप्पा, तुमी जिंकलासा.”

इतक्या वर्षांत त्यांनी एकही बाजू सोडली नव्हती. माझ्या निकालापुढेही ते “पंचांचा मान राखतो, मत राखून ठेवतो” असे लिहीत. आप्पा त्या रेघांकडे पाहत राहिले. नियम त्यांनीच घरी आणला होता: एकाने बाजू सोडली की वाद संपला, आणि जिंकणाऱ्याने कागद आपल्या सहीने त्याच दिवशी पुढे धाडायचा.

“मुन्शीजी, हे तुम्ही बरे केले नाही.”

“ठावं हाय मला.” चाचांनी लेखणी त्यांच्याकडे सरकवली. “पर कागद किती दीस बांधून ठेवायचा, आप्पा? कसर लागती.”

आप्पांनी सही केली. तिथेच ‘शुड’ घालून मी उतरवलेल्या नव्या प्रतीवर केली, आणि स्वल्पविराम जिथे त्यांना हवा होता तिथे स्वतःच्या हाताने घातला. चाचांनी आपला पेला विसळला, फळीवर पालथा घातला आणि नेहमीपेक्षा लवकर निघून गेले. पुढे आठ दिवस ते आले नाहीत. त्या आठ दिवसांत आप्पा रोज संध्याकाळी ओसरीवर दोन पाट मांडीत आणि एकावर स्वतः बसत. मला कुणी बोलावले नाही. मी आत बसून पत्राची वाट पाहत होते, आणि बाहेर बसलेल्या माणसाला चुकवून घरात कुठेही जाता येत नव्हते.

नवव्या दिवशी पायरीवरून आवाज आला, “पंच हाईत का गेलं?” आणि त्यानंतर दोन दिवसांनी मुंबईचे उत्तर आले. जागा मिळाली होती.

स्टेशनावर आप्पांनी माझी पुस्तके बांधून आणली. ती लाल रुमालात बांधलेली होती. आतल्या चिठ्ठ्या त्यांनी काढून घरी ठेवल्या होत्या. गाडी हलेपर्यंत ते गाठ घट्ट आहे का हेच तपासत होते.

आता दर पंधरवड्याला त्यांचे पाकीट येते. आत आईची खुशाली आणि पाच-सहा चिठ्ठ्या असतात, प्रत्येकीवर दोन सह्या. चाचांनी पहिल्याच पाकिटात लिहिले होते: “पंच सुट्टीस आल्यावाचून निकाल नाही, असा ठराव झाला आहे. कागद साठत आहेत.” प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभी राहून मी ते वाचले आणि मला धरून ठेवणारी तीच गाठ पुन्हा ओळखली. या वेळी तिच्यावर दोघांचे एकमत होते, सह्यांसकट.

मी निकाल परतीच्या टपालाने धाडते. काम सुट्टीवर टाकत नाही. फक्त दर वेळी एक चिठ्ठी, बहुधा सर्वांत सोपी, निकालावाचून बाजूला ठेवते आणि लिहिते की या मुद्द्यावर समक्ष बोलावे लागेल. आप्पांना माझी लबाडी समजत असणार. मसुदा ताडून बघणे हा त्यांचा पेशा आहे. अजून त्यांनी हरकत घेतलेली नाही.