सुभद्रानं मढवलेलं विमान

लग्न होऊन तलवाड्याला आली तेव्हा सुभद्राला नवऱ्याविषयी एवढंच ठाऊक होतं, की तो सोसायटीत सचिव आहे आणि त्याला डाव्या कानानं जरा कमी ऐकू येतं. त्या कानापायीच त्याचं विमानदल हुकलं, हे तिला पुढं सासूनं, भिवराबाईनं, सांगितलं. औरंगाबादला शिकताना उत्तरेश्वर एनसीसीच्या हवाई शाखेत होता. भरतीच्या डॉक्टरनं कान तपासला आणि त्याला घरी धाडलं. मग त्यानं गावच्या सोसायटीची खुर्ची धरली. खत, बियाणं, सभासदांचे अंगठे यांत दिवस जायचा. पण अंगणावरून घार गेली की जेवता जेवता त्याचा घास हातातच राहायचा.

पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा हुकला त्या साली त्याला कलकत्त्याहून एक चपटं खोकं पार्सलनं आलं. आत लाकडाच्या हलक्याफुल पट्ट्या, एक मोठा नकाशा, पतंगाच्या कागदाहून पातळ असा गुंडाळलेला कागद आणि तो कागद चिवट करणाऱ्या उग्र वासाच्या औषधाची बाटली.

"बिनइंजिनाचं विमान हाय," तो म्हणाला. "निस्त्या हवेवर तरंगतं."

दाराची जुनी फळी त्यानं ओसरीवर मांडली, तिच्यावर नकाशा टाचला आणि सोसायटी सुटल्यावर ऊन उतरेपर्यंत तो तिथं बसू लागला. पट्टी धरायला, टाचण्या द्यायला सुभद्रा लागायची. तोवर नवराबायकोत बोलणं म्हणजे वाढू का आणि पाणी ठेवलंय, एवढंच. आता तो बोलायला लागला. "ही फासळी बघ. हवा वरून पळती, खालून रेंगाळती. म्हणून पंख उचलतो." तिला त्यातलं निम्मंच कळायचं. पण तो सांगत राहावा आणि आपण ऐकत राहावं, असं तिला फार वाटायचं. दुपार कलली की तिचं अर्धं ध्यान वाटेकडं असायचं.

सांगाडा पुरा झाला, नुसतं कागदानं मढवायचं राहिलं, आणि आष्टीकडं गुरांची छावणी लागली. छावणी जिल्ह्याच्या सहकारी संघानं चालवायला घेतली होती आणि संघानं उत्तरेश्वरला तिथं चाऱ्याच्या कामावर पाठवलं. त्यानं सांगाडा आढ्याला टांगला. "आल्यावर मढवू," म्हणाला आणि गेला.

त्याचं येणं मग क्वचितच व्हायचं. सुभद्रा पहाटे ओढ्यातल्या झिऱ्यावर वाटीवाटीनं घागर भरायची, घरी येऊन घागर उतरवायची आणि आधी आढ्याकडं बघायची. नवऱ्याची आठवण येते, असं सासूजवळ म्हणायची सोय नव्हती. मग धूळ पुसायच्या निमित्तानं ती सांगाडा खाली घ्यायची. त्याच्या बोटांनी जोडलेले सांधे चाचपायची.

असंच एके दिवशी तिनं पिठाची पातळ खळ शिजवली आणि पंख मढवायला घेतला. कागद हाताला लागला की चुरगळायचा. पहिला तुकडा वाया गेला, दुसरा जमला. तरी सुरकुत्या राहिल्याच. पाण्याचा फवारा दिला की कागद ताणून बसतो, असं तो बोलता बोलता म्हणाला होता. धोतराला इस्त्री करताना मारतात तसा तिनं तोंडात घोट घेऊन फवारा मारला.

भिवराबाई दारातून बघत होती. "अगं, माणसाला प्यायला न्हाई आन् तू कागदाला पानी पाजायलीस?"

"एकच घोट हाय, आत्याबाई. माझ्या वाटचा."



कागद ताशासारखा ताणून बसला. सुभद्रा हरखली आणि पंख तसाच बाजेवर वाळत ठेवून कामाला लागली. परत येऊन बघते तर वाळल्या शेंगेला पडावा तसा त्या पंखाला पीळ पडलेला. त्याची एवढी एकच जपलेली वस्तू, आणि ती आपण नासवली.

उत्तरेश्वर आला तो उन्हानं रापून. त्यानं विमान हातात घेतलं आणि पंखावरून बोट फिरवलं.

"कुनी मढवलं?"

"मी."

"कागदाचे सांधे दिसंनात की कुठं." मग म्हणाला, "पीळ पडलाय. फळीला टाचून वाळवायचा असतोय. मीच सांगितलं नव्हतं तुला."

त्यानं चुलीवर तपेलं ठेवलं. वाफेवर पंख धरायचा, उलट्या बाजूला पिळायचा आणि निवेपर्यंत तसाच धरून ठेवायचा. एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या. दोघं समोरासमोर बसून राहिली. पंख लवकर निवू नये, असं तिला वाटत होतं. उरलेल्या पाण्यात भिवराबाईनं रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या कण्या वैरल्या.

औषधाचा हात देऊन पंख वाळवले, नाकाशी शिशाचा तुकडा बसवून तोल साधला. दुसऱ्या दिवशी दोघं कोरड्या पडलेल्या तलावात उतरली. पतंगासारखं विमान वर चढवायला दोरी धरून पळायचं काम आधी त्यानंच केलं, पण विमान आडवं होऊन खाली आलं.

"तू पळ," तो म्हणाला. "मला खालून बघायचंय."

तिनं काष्टा घट्ट खोचला, दोरीचं टोक मुठीत धरलं आणि भेगाळलेल्या मातीवरून वाऱ्याच्या तोंडावर पळत सुटली. हाताला ओढ लागली, मग एकाएकी सुटली. विमान वर पोचलं तशी दोरीची कडी त्याच्या आकड्यातून निसटली होती. मागं वळून तिनं विमानाच्या आधी नवऱ्याचं तोंड पाहिलं. असं उजळलेलं तोंड तिनं लग्नात पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

तापल्या जमिनीची हवा वर चढत होती. विमान घिरट्या घेत त्या हवेसंगं चढलं. घारींच्या पातळीला गेलं, मग त्यांच्याही वर, आणि नदीच्या अंगाला सरकू लागलं. सुभद्रा बांधापर्यंत धावली. तो जागचा हलला नाही.

"चला की, गाडीवाटेनं गेलं तर घावंल."

"जाऊ दे. हवा घावली त्याला."

ते दिसेनासं झालं तेव्हा ती ढेकळांवर बसली आणि रडू लागली.

"कावून रडायलीस? दुसरं मागवू."

"दुसरं नको. तुमी नसताना मी त्याच्यापाशी बसत होते."

तो तिच्याजवळ बसला. "मला ठाव नव्हतं," म्हणाला. मग म्हणाला, "चल आष्टीला." पण म्हाताऱ्या सासूला पाणी कोण आणणार? दोघांनाही ते कळत होतं. सकाळच्या एसटीनं तो एकटाच गेला.

त्यानंतर ती दुपारची गावच्या देवीच्या टेकडीवर जायची. सून ढग बघते, असं बाया म्हणायच्या. ती नदीकडची शेतं न्याहाळायची. गोदाकाठचं कुणी गावात आलं की, कागदाचं काही पडलेलं दिसलं का, म्हणून विचारायची. कुणाला काही दिसलं नव्हतं.

पुढल्या साली पाऊस झाला, छावणी उठली, उत्तरेश्वर घरी आला. आता तो तिच्याशी बोलायचा, हसायचा, बाजारातून येताना तिच्यासाठी बांगड्याही आणायचा. पण दुष्काळानंतर सोसायटीचं काम दुणावलं होतं आणि तो कंदील लागल्यावरच परतायचा. आकाशाकडंही पूर्वीसारखा बघत नसे. दुसरं खोकं त्यानं मागवलं नाही, तिनंही सुचवलं नाही. संसार चांगला झाला, असंच ती सगळ्यांना सांगायची, आणि ते खरंही होतं. फक्त दुपार कलली की तिचे हात रिकामे वाटायचे आणि ती उगीच ओसरीवर येऊन उभी राहायची.