मामूंकडं जमा असलेली माझी मागची सीट

थांबा, हे आत्ताच सांगायचंय, उद्यापर्यंत पोटात राहायचं न्हाई माझ्या! अंबाजोगाईच्या बसस्टँडबाहेर गाडीत बसून टाईप करतेय. आत्ताच मामूंना परभणीच्या बसमध्ये बसवलं.

मामू म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडावरचे गॅरेजवाले. गल्लीत कुणाला नवं लायसन मिळालं की घरचे त्याला गाडी अन् पेढे घेऊन मामूंकडं पाठवायचे. मामू पेढा तोंडात टाकायचे, पाना उचलायचे आणि गाडीची मागची सीटच काढून घ्यायचे! सहा महिने जमा. पुढं शेजारी फक्त आई न्हाईतर बाप. सीटवर नाव-तारखेची चिठ्ठी चिकटवून ती माळ्यावर.

मी लई भांडले. "लायसन सरकारनं दिलंय, सीट तुमी कावून काढता?"

"सरकारनं गाडी चालवायचं दिलं बेटा. माणसं न्यायचं मी देतो."

त्यांचा हिशोब ठरलेला. "एक जण बसला की तुजा एक कान गेला. दोघं बसले, दोन्ही गेले. तिसरा बसला की डोळे जातात." आमी पोरं मागून नकला करायचो.

मग तिसऱ्याच आठवड्यात पप्पा लग्नाला गेले, आणि माझी मैत्रीण शीतल धाकट्या बहिणीला घेऊन आली. सीट न्हाई तर न्हाई, मागं गोधडी अंथरली! निघालो धारूरच्या घाटाकडं. नुसता दंगा. वळणावर समोर उसाचा ट्रॅक्टर. तो म्हणे केव्हाचा हॉर्न देत होता. मला ऐकूच आला न्हाई. स्टेअरिंग ओढलं, चाक नालीत, आणि मागून शीतलची किंकाळी. हनुवटी फाटली होती. चार टाके.

मामू गाडी ओढायला टोचनचा दोर घेऊन आले. आधी शीतलला दवाखान्यात नेलं, गाडी नंतर काढली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. ते एवढंच म्हणाले, "गेले ना दोन्ही?" आणि माझ्या सीटवर नवी चिठ्ठी लावली. सहा महिने पुन्हा पहिल्यापासून! शीतलच्या आईनं तर दारातूनच सांगितलं, "माझी लेक तुझ्या गाडीत परत बसायची न्हाई."

तेव्हापासून मी रोज गॅरेजवर. "मामू, झाले का दिवस?" "जा बे, सीट काय अंडं हाय का उबवायला?" मुलगी असले तरी मला 'बे'च.

आज झाले दिवस. पण मामूंचं सामान बांधलेलं. नजर कमी झाली म्हणून गॅरेज बंद, लेकीकडं चाललेत. माळ्यावर एकच सीट उरली होती. माझी. त्यांनी चाचपडत नट आवळले, ट्रंक आत ठेवली आणि स्वतःच मागं जाऊन बसले.

"चल, स्टँडवर सोड."

आख्ख्या रस्त्यात एक शब्द न्हाई. मी म्हणाले, "मामू, बोला की कायतरी!" गप्प. मोंढ्यातल्या बाजाराची गर्दी, म्हशी, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न मला वेगवेगळे ऐकू येत होते. उतरल्यावर म्हणाले, "कान तपासून घे. मी हात लावला न्हाई."

बस गेली. मी लगेच शीतलला मेसेज टाकला, सीट बसली. ती आईला विचारायला गेली. मी नुसती स्टेअरिंगवर बोटं वाजवत बसले. आत्ता, हे लिहिता लिहिता उत्तर आलं: "आई हो म्हणाली. पण मी मागं बसंन आणि गप बसंन."

चालू करते गाडी. तुमचीही सीट अशी कुणी काढून ठेवली होती का? आणि परत बसवली तेव्हा मागं पहिलं कोण बसलं?